ब एकटा किती दिवसांत?

३ जानेवारी १९७५, शुक्रवार

मास्तर म्हणाला, रोज दहा ओळी लिहीत जा, हात वळतो. हा हात बारा तास लूमवर वळतोच आहे, ते त्याला दिसत नाही. तरी लिहितो. तो वाचणार नाही एवढं त्याच्याकडून आधी कबूल करून घेतलं.

भिवंडीत लूम शुक्रवारी बंद, म्हणून आमची शाळाही शुक्रवारी. सातवीच्या परीक्षेला बाहेरून बसणारे आम्ही अकरा बाप्ये, पोरांच्या बाकांवर गुडघे छातीला लावून बसतो. शिकवायला सावळाराम मास्तर. रिटायर्ड आहे, तपकीर ओढतो आणि फळ्यावर शिंकतो. असल्या माणसाच्या हातात माझं नशीब आहे.

मी येवल्याकडचा, चौथी पास. चार वर्षांतला हा तिसरा कारखाना, इथेही बूड टेकलेलं नाही. राहनाळच्या गोदामात माल मोजून घ्यायला माणूस पाहिजे आहे. खुर्चीवर बसून गठ्ठे मोजायचे, दुसरे उचलतात. पण सातवी पास पाहिजे. आणि मास्तर म्हणतो, महिन्याअखेर ज्यांचे गृहपाठ बरोबर असतील त्यांचीच नावं परीक्षेला पाठवीन, बाकीच्यांनी पुढच्या वर्षी यावं. पुढच्या वर्षापर्यंत गोदाम माझ्यासाठी थांबणार आहे काय?

गृहपाठ असा: अ आणि ब मिळून एक काम सहा दिवसांत करतात. अ एकटा तेच काम दहा दिवसांत करतो. तर ब एकटा किती दिवसांत करील? क्ष मानून सोडवा.

काय काम, ते लिहिलेलं नाही. अ कुठल्या गावचा, तेही नाही. आणि क्ष का मानायचा? मी म्हटलं, मास्तर, नाही मानला तर? तो म्हणाला, तर बस लूमवर.

४ जानेवारी

सुटलं. दहातून सहा गेले, राहिले चार. ब एकटा चार दिवसांत करतो. एवढ्यासाठी क्ष कशाला लागतो? शिकलेल्या लोकांना साध्या गोष्टीत पाचर मारायची खोड असते.

संध्याकाळी सातला पाळी बदलताना वाल्मीक आला. तो माझा जोडीदार. आम्ही दोघे त्याच दोन लूमवर, या आठवड्यात दिवस माझा आणि रात्र त्याची, पुढच्या आठवड्यात उलट. तीन वर्षं जोडी आहे, पण पाच मिनिटांवर कधी भेट नाही. तो अकलोलीचा, बौद्धवाड्यातला. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात बसून बसून डोकं शिजलेलं. नववीपर्यंत शिकला म्हणतो आणि लूमच चालवतो. मग काय उपयोग? आमच्या गावी असला माणूस मला अरेतुरे करायला धजला नसता. इथे सगळे सगळ्यांना अबे म्हणतात.

तरी नववी ती नववी, म्हणून गणित दाखवलं. त्याने वाचलं आणि हसला. लूमच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, नुसते दात दिसले. मी निघून आलो.

६ जानेवारी

सकाळी ड्युटीवर गेलो तर दोन लूममधल्या लाकडी खांबावर खडूने लिहिलेलं. कापडात कुठे दोष आला की खूण करायला आमच्याकडे खडू असतो, त्याने.

“चार? ब एकटा चार दिवसांत उरकतो, मग अ ला सोबत घेतल्यावर सहा का लागतात? अ त्याचे पाय ओढतो काय? बैला, दिवस वजा करू नको. एका दिवसाचं काम काढ.”

यात दात काढण्यासारखं काय ते मला कळलं नाही. बैल मात्र कळला. पोंछा घेऊन पुसणार होतो, पण आधी वहीत उतरवून घेतलं. शिव्या सोडून.

७ जानेवारी

मी खाली लिहिलं होतं, “एका दिवसाचं म्हणजे किती? काम काय ते सांग.”

सकाळी उत्तर: “कसलंही काम. अ ला दहा दिवस लागतात तर रोज दहावा हिस्सा होतो. ब ला क्ष दिवस, तर रोज क्षावा हिस्सा. दोघांचे हिस्से मिळून सहावा. मांड, गाढवा.”

त्याच्याखाली कुणीतरी तिसऱ्यानेच लिहिलं होतं, “दोघेही गाढव.” हा बाजूच्या लूमवरचा नवशा. दुसऱ्याच्या खांबात नाक.

मांडलं. एक छेद दहा अधिक एक छेद क्ष बरोबर एक छेद सहा. दिसायला झोकात दिसतं. पुढे काय करायचं ते अ आणि ब ला विचारावं लागेल.

९ जानेवारी

दोन दिवस खांबावर भांडण चाललं. मी छेदांची बेरीज केली, तो म्हणाला छेद सारखे कर. मी सारखे केले, तर म्हणाला वरचे आकडे तुझ्या काकाने बदलायचे काय? रोज एक पायरी आणि एक शिवी. माणूस तोंडाने बोलत नाही आणि खडूने इतका वटवट करतो.

आज उत्तर आलं. पंधरा.

अ दहा, ब पंधरा. मी मनात अ म्हणजे मी आणि ब म्हणजे वाल्मीक धरलं होतं, म्हणून आधी डोकं सणकलं. त्याचा आकडा मोठा कसा? मुकादमाच्या टेबलामागे फळा आहे, त्यावर रोज जोड्यांचे मीटर लिहितात. मोठा आकडा मोठा विणकर, हे कारखान्यात झाडूवालाही सांगेल. मग विचार केला, अ च मी असा कुठे नियम आहे? मी ब. झालं.

१० जानेवारी, शुक्रवार

मास्तरने वही बघितली, म्हणाला, “पायऱ्या स्वच्छ आहेत. कुणी सांगितलं?” मी म्हटलं, कुणी नाही. तपकीर ओढली, बरोबरची खूण केली. अकरात फक्त तिघांचं बरोबर. बाकीच्यांनी चार काढलेले. ढ आहेत एकजात.

११ जानेवारी

आता रात्रपाळी माझी. जाताच मुकादम राघोने सगळ्यांना टेबलाशी उभं केलं. शेठला माणसं कमी करायची आहेत. दोन लूमऐवजी चार लूम एकाने बघायचे. प्रत्येक जोडीतला एक राहणार, एक जाणार. राहिलेल्यांच्या नव्या जोड्या.

नवशा ओरडला, “कोण ऱ्हाणार ते कोण ठरवनार?”

राघो म्हणाला, “ज्याचा हात चालतो तो. पण तुम्ही सांगाल तर ना! चोर साले, रेघ मारत न्हाय.”

ते खरं आहे. आमच्या कारखान्यात पाळी बदलताना कापडावर रेघ मारायची नाही, ही विणकरांची जुनी रीत. दिवसाने किती विणलं, रात्रीने किती, कुणाला कळत नाही. विणलेल्या कापडाचा ताका जोडीच्या नावावर चढतो. कुणाला ताप आला, कुणाचा हात कापला, तर दुसरा ओढून नेतो. कुणी रेघ मारली तर त्याच्याशी कुणी विडीही पेटवून घेत नाही.

मला ही रीत पहिल्यापासून पटलेली नाही. ज्याचा हात चालतो त्याने झाकून का घ्यायचं? तीन वर्षं मी वाल्मीकला खांद्यावर वाहतो आहे. तो संथ चालतो, कधी घाई नाही, गडबड नाही. मी घामाघूम होतो, धागे तुटतात, पळापळ करतो. काम कुणाचं जास्त ते आंधळ्यालाही दिसेल.

सातवी हातात पडेपर्यंत लूम सुटता कामा नये. गाव सोडून आलो ते परत जायला नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. खानावळीत द्रौपदीबाईने तिळगूळ दिला, म्हणाली गोड बोला. मी म्हटलं, कुणाशी?

तिला म्हटलं, बाई, तुमच्याकडे दोघी भाकऱ्या थापतात. समजा एकटीला चाळीस भाकऱ्यांना दोन तास लागतात, दुसरीला तीन. यातली कामाची कोण?

“दोन तासवाली. ह्यात इचारायचं काय?”

“आकडा तिचा लहान आहे.”

“आकडा खातोस का भाकर खातोस? जी लवकर उरकते ती कामाची, रामनाथ. जेव.”

बायकांना गणित सांगून उपयोग नाही. भाकरी आणि कापड एक नव्हे.

१५ जानेवारी

डोक्यात प्रकाश पडला. मास्तरचं गणित म्हणजे आमचीच जोडी आहे!

दोघे मिळून आम्ही सुताचं एक बीम बारा दिवसांत संपवतो. गेल्या पावसाळ्यात वाल्मीक टायफॉइडने अकलोलीला पडला होता, बदली मिळाला नाही, रात्री लूम उभे राहायचे. तेव्हा एक बीम मी एकट्याने अठ्ठावीस दिवसांत ओढलं. मिळून बारा. मी एकटा अठ्ठावीस. तर वाल्मीक एकटा किती? क्ष मानतो. या खेपेला खुशीने मानतो.

पण बारा आणि अठ्ठावीसचे छेद जुळेनात. म्हणून सकाळी निघताना खांबावर लिहून आलो, “नवा गृहपाठ. मिळून १२. एकटा २८. दुसरा किती?” कुणाचं आहे ते लिहिलं नाही. मी तेवढा दूधखुळा नाही.

१६ जानेवारी

रात्री गेलो तर अर्धंच सोडवलेलं. छेद चौऱ्याऐंशी घे, एवढंच सांगितलं होतं. आणि खाली: “हे गणित इथेच सोड.”

शिवी नाही. पहिल्यांदाच शिवी नाही. म्हणजे पुढे त्यालाही येत नाही. नववी म्हणे.

मीच पुढे नेलं. चौऱ्याऐंशीतले सात, त्यातून तीन गेले, राहिले चार. चार छेद चौऱ्याऐंशी म्हणजे एक छेद एकवीस. क्ष बरोबर एकवीस. कुणाच्या मदतीशिवाय!

मी अठ्ठावीस, तो एकवीस. चांगला सातचा फरक. मला माहीत होतंच, पण आकड्यात बघताना छाती भरून आली. मोठ्या अक्षरात खांबावर लिहिलं, खाली दोघांची नावंही घातली. बघू दे त्याला.

१८ जानेवारी

काल सुट्टी होती. आज माझी दिवसपाळी, त्याची रात्र. संध्याकाळी सातला तो आला, मी हात धुऊन येतो तर खांब ओल्या फडक्याने पुसलेला, लाकूड अजून ओलं. त्याने हाताने खूण केली, नको, नको. कानाशी येऊन ओरडला, “परत लिवू नको! राघो फिरतो हितं!”

घाबरला. घाबरणारच. मी त्याच्यासमोर परत लिहिलं.

मग राघोला बोलावून आणलं. बोट ठेवून एकेक पायरी वाचून दाखवली, मास्तर वाचतो तशी. राघो आधी जांभया देत होता, मग जवळ आला.

“म्हंजे तुझे अठ्ठावीस.”

“हो.”

“आणि ह्याचे एकवीस.”

“एकवीसच. एकही जास्त नाही.”

“नक्की? हे तू स्वतः सांगतोस?”

“मी कशाला, गणित सांगतं.”

त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. “शाबास रे. आजपर्यंत कुनी इतका सरळ सांगितला नव्हता. अख्खा कारखाना लपवतो आणि तू खांबावर लिवतोस.”

वाल्मीक लूमवर वाकून तुटलेला धागा सांधत होता. मान वर केली नाही. तेवढी लाज तरी आहे.

२० जानेवारी

राघोला चटक लागली. आता हुकूम काढला आहे की पाळी बदलताना प्रत्येकाने कापडावर खडूची रेघ मारायची. नवशा माझ्या पायाजवळ थुंकला. “तुझ्या गणिताच्या आयला,” म्हणाला. बाकीचे विडीला आले की मी गेल्यावर उठतात. जळतात. ज्यांचे आकडे लहान निघतील ते जळणारच.

खांब कोरा आहे. वाल्मीक काही लिहीत नाही. मीही नाही. मला आता कशाची गरज आहे?

२३ जानेवारी

राघोने नावं वाचली. आमच्या जोडीतला वाल्मीक राहिला.

मी म्हटलं, “राघोदादा, उलटं वाचलंत.”

तो म्हणाला, “उलटा कसा? तूच वाचून दावलास.”

“अठ्ठावीस माझे आहेत!”

“तेच म्हनतो ना मी! अठ्ठावीस तुझे हायत.” आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. नवशा सगळ्यात मोठ्याने, आणि त्याचंही नाव गेलेलं.

वाल्मीकने काहीतरी चारलं असणार. नाहीतर राघोला आकडे कळत नाहीत. अंगठाछाप मुकादम आणि बैल विणकर, असला हा कारखाना. सुटलो म्हणायचं.

२४ जानेवारी, शुक्रवार

मास्तरने फळ्यावर तेच जुनं गणित परत काढलं. म्हणाला, उत्तरं काढलीत, अर्थ कुणी सांगत नाही. अ दहा, ब पंधरा. यातला कामाचा माणूस कोण?

मी हात वर केला. “ब. आकडा मोठा.”

आठ-नऊ जणांनी माना डोलावल्या. सगळे लूमवालेच. मास्तरने डबी मिटून खिशात ठेवली.

“अरे, दोघे इथून कशेळीला चालत निघाले. एक दोन तासांत पोचला, दुसऱ्याला तीन तास लागले. ढिला कोण?”

“तीनवाला!” सगळे एकदम ओरडले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं आणि हसायला लागले. एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसले. मास्तरही हसला.

मी फळ्याकडे बघत राहिलो. मास्तरने विचारलं, “रामनाथ, कळलं ना?”

कळलं म्हटलं.

आज दहा ओळी पुऱ्या करत नाही.

२७ जानेवारी

राहनाळच्या गोदामात लागलो. मोजायला नाही, उचलायला. खुर्चीवरचा माणूस गठ्ठे मोजताना बोटं मुडपतो. त्याला सातवी कुणी दिली?

मास्तरने ही भाकरीची गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? भाकरीची नाही, कशेळीची. उत्तर आधी शिकवतात आणि अर्थ तीन आठवड्यांनी. आणि धागे माझे का तुटायचे, तो विचार डोक्यात येतो आणि मी तो हाकलतो. घाई करणाऱ्याचे तुटतात. हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण लूम रोज सांगत होता.

शेवटचा गृहपाठ एकतीस तारखेला द्यायचा, तो बरोबर आला तर नाव जाणार. एका टाकीला दोन तोट्या. वरची चार तासांत भरते, खालची सहा तासांत रिकामी करते. दोन्ही उघड्या ठेवल्या तर टाकी किती तासांत भरेल? खालची तोटी उघडी ठेवणारा माणूस कोण आहे त्याला आधी शोधला पाहिजे. चार आणि सहा दहा. दहा नसणार, एवढं आता कळतं. काय असणार ते कळत नाही.

२८ जानेवारी

गोदामातून थेट कारखान्याच्या गेटवर गेलो. सातला पाच कमी होते; नव्या जोडीत वाल्मीकची अजून रात्रपाळीच. कुणाला दिसू नये म्हणून ट्रकच्या आड उभा होतो. वाल्मीक मफलर गुंडाळून, डबा घेऊन आला आणि त्याने मला बरोबर पकडलं.

“काय रं ब! आता कुनाचा हिशेब?”

“कुणाचा नाही. टाकीचं गणित आहे.”

मी पुढे केलेल्या कागदाला तो हात लावेना. गेटपाशी लूमचा आवाज कमी असतो. तीन वर्षांत त्याचा आवाज मी धड ऐकला नव्हता. बारीक आहे.

म्हणाला, “बारा आणि अठ्ठावीस लिवलास तवाच मी समजलो. अठ्ठावीस दिस तापात मी होतो. माला ठाऊक न्हाय का?”

“मग पुसलंस कशाला? तुझ्या बाजूचं होतं.”

“म्हनून तर पुसला. राघोनं बघितला असता तर तू जानार होतास. तू परत लिवलास. वर बोट ठेवून वाचून दावलास.”

“तोंडाने सांगायचं होतंस. मला वाटलं तुला पुढे येत नाही.”

“मी लिवला ना, हितंच सोड. यापरीस काय लिवनार? तुझा हात ढिला हाय, असा खांबावर लिवू? सगळ्यांनी वाचला असता.” मग म्हणाला, “आता समदे रेघ मारतात. नवशाची बायको पोटुशी हाय. माला चार लूम भेटले, माझ्याशी बी कोन बोलत न्हाय. तुझ्यापायी.”

मी गणिताचा कागद उघडून त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

भोंगा झाला. तो आत निघाला. दाराशी वळला आणि खडखडाटावरून ओरडला, “खालची तोटी वजा कर, गाढवा! ती भरत न्हाय, रिकामी करते!”

खोलीवर येऊन वजा केलं. एक छेद चार वजा एक छेद सहा. छेद बारा घेतला, तो मला आता जमतो. तीनातून दोन गेले, एक राहिला. एक छेद बारा. म्हणजे बारा तास. बरोबर आहे की नाही ते खात्रीने सांगता येत नाही. मास्तरला विचारलं तर तो खूण करील, पण मास्तर अर्थ वेळेवर सांगत नाही.

उद्या सातला वही घेऊन परत गेटवर जातो, वाल्मीकला दाखवायला. ट्रकच्या आड नाही, दारातच उभा राहीन. राहिलेल्या पगाराचा हिशेब घ्यायला नवशाही तिथे येतो म्हणतात. बघेल. बघू दे.